काकांनी ट्रे पुढे सरकवला

प्लेनो, रविवार संध्याकाळ

आज चर्चमध्ये प्रभुभोजनाचा ब्रेड वाटला जात असताना मला हसू फुटलं. मॉर्मन बिशपला हे शोभतं का? नसेल शोभत.

वसंतकाकांना काही महिने हा ब्रेड घेऊ नका, असं मीच सांगितलं होतं. त्यांची चूक काय होती, ते या डायरीतही लिहिणार नाही. पण मी या देशात नवा असताना ज्यांनी मला ड्राइव्ह करायला शिकवलं, त्यांनाच मी शिस्त लावायची? आमच्यात बिशप म्हणजे काय, सोमवारी ऑफिसला जाणारा माझ्यासारखाच कुणीतरी. वाटलं, काका आता यायचेच बंद होतील. पण दर रविवारी आले. रांगेतून ब्रेडचा ट्रे आला की तुकडा न घेता शेजारी काकूंकडे सरकवायचे. मला मात्र त्या दिवसापासून ‘बिशप, तुम्ही’. तेच जास्त लागायचं.

गेल्या आठवड्यात मी म्हणालो, “काका, झालं. या रविवारपासून घ्या.”

आणि आज ट्रे आला, तर सवयीनं सरळ पुढे सरकवला की हो त्यांनी! काकूंनी तो परत त्यांच्याकडे ढकलला आणि अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं कुजबुजल्या, “अहो, घ्या ना! आता चालतंय.”

काकांनी तुकडा तोंडात टाकला. डोळे भरलेले, आणि हसतही होते. मीही तसाच.

नंतर पार्किंगमध्ये काका माझ्या गाडीपाशी उभे. मला वाटलं, आता काहीतरी गंभीर बोलणार.

“निख्या,” ते म्हणाले, “गाडी अजून वाकडीच लावतोस रे!”