चाळ क्रमांक दोन संघाबाहेर पडण्याबाबत

प्रति,
मा. सहायक निबंधक साहेब,
सहकारी संस्था, मुंबई.

विषय : बकुळीची वाडी सामायिक खरेदी संघाचे सभासदत्व चाळ क्रमांक दोनने सोडण्याबाबत.
संदर्भ : सदर चाळीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव, दि. ३० मार्च १९५८.

महोदय,

मी, अच्युत मोरेश्वर तळपदे, राहणार बकुळीची वाडी, गिरगाव, सदर चाळीचा चिटणीस, सविनय कळवितो की :

१. गेल्या जानेवारीत युरोपातील सहा देशांनी एकत्र बाजार मांडल्याची बातमी चाळ क्रमांक तीनमधील श्री. चिंतामणी धुरंधर यांच्या वाचनात आली. सदर गृहस्थ माझे मेहुणे असून त्यांना वाचलेले पचत नाही. फ्रान्स-जर्मनीला जमते ते गिरगावच्या चार चाळींना का जमू नये, असे म्हणून त्यांनी हा संघ काढला, आपल्या कचेरीत नोंदविला व अध्यक्षाच्या खुर्चीत स्वतः बसले. तांदूळ, कोळसा व मिरची एकत्र घ्यावी, कोणा चाळीने परस्पर खरेदी करू नये, असा नियम झाला. कोळसा आमच्या जिन्याखाली ठेवण्याचे ठरले. आमचे छप्पर कौलारू असल्याने वाळवण चाळ क्रमांक तीनच्या गच्चीवर घालण्याचे ठरले. येथवर आमची तक्रार नाही.

२. तक्रार मसाल्याची आहे. दरवर्षी चैत्रात प्रत्येक घर आपापली मिरची लालबागच्या डंकावर नेऊन आपापला मसाला कुटून आणते. यंदा संघाने चारही चाळींसाठी एकच मसाला कुटविला. पहिल्या चाळीस गोडा मसाला हवा होता, आमच्या चाळीतील मालवणी मंडळींस डोळ्यांतून पाणी काढणारा हवा होता, आणि अध्यक्षांस त्यांच्या आईच्या हातचा. निघाला तो कोणाच्याच आईच्या हातचा नाही. हल्लीच्या राज्यरचनेस अनुसरून आम्ही त्यास द्वैभाषिक मसाला म्हणतो. आपण सरकारी अधिकारी असल्याने आपणांस यावर हसता येणार नाही, याची जाणीव आहे. सबब चाळ क्रमांक दोनला संघातून मुक्त करावे.

येथपर्यंतचा मजकूर चाळीत मोठ्याने वाचून दाखविला व टाळ्यांच्या गजरात संमत झाला. यापुढील मजकूर मी टपाल कचेरीतील टेबलाशी उभा राहून एकट्याच्या जबाबदारीवर लिहीत आहे. उत्तर पाठविताना त्याचा उल्लेख कृपया टाळावा.

३. माझा मूळ ठराव सभासदत्वाचा केवळ फेरविचार करण्याचा होता. संघातून तडक बाहेर पडावे, हा कोणी तरी मांडलेला दुसरा ठराव होता. तो फेटाळून लावावा म्हणून मी वाचून दाखवीत होतो. "हा ठराव..." एवढे माझ्या तोंडून निघते न निघते तोच मागच्या बाकावरून श्री. गुणाजी परब यांनी "झालाच पाहिजे!" अशी आरोळी ठोकली. श्री. परब गेली दोन वर्षे एकही जाहीर सभा चुकवीत नाहीत, व सभेत तोंड उघडले की त्यांच्या तोंडून दुसरे काही निघत नाही. त्यांच्यामागोमाग सारी चाळ उठून उभी राहिली व मुठी वर गेल्या. सवयीने माझीही गेली. ठराव एकमताने मंजूर झाल्याची नोंद मला स्वहस्ते करावी लागली.

४. दुसऱ्याच दिवशी चाळ क्रमांक तीनने गच्चीला कुलूप घातले. आम्ही कोळसा अडविला. आता त्यांच्या चुली थंड आहेत व आपापल्या मसाल्यासाठी नव्याने आणलेली आमची मिरची ओली आहे. आमच्या शेजारीण श्रीमती रमाबाई मला जिन्यात गाठून विचारतात, "चिटणीसानूं, तुमचो ठराव ऱ्हवांदे, माझ्या मिरसांगांक ऊन खंय गावतला?"

५. माझी पत्नी सौ. सुमती ही अध्यक्षांची धाकटी बहीण. ठराव पुरुषांनी केला, स्वयंपाकघराला कोणी विचारले नव्हते, सबब स्वयंपाकघर संघातच आहे, असे तिने मला कळविले. नंतर ती विळी, पोळपाट व आमची कन्या बेबी यांसह माहेरी निघून गेली. माहेर समोरच्याच गॅलरीत आहे. रोज संध्याकाळी ती भावाच्या पानात स्टोव्हवर तळलेला बोंबील वाढते, तो मला आमच्या गॅलरीतून स्पष्ट दिसतो. मी खानावळीत जेवतो. परवा बेबीने समोरून हात हलविला व त्या रात्री मी खानावळीत गेलोच नाही. सरकारी अर्जात असे लिहिणे शोभत नाही. परंतु मला घर खायला उठते, हे खरे आहे.

६. ठराव मागे घ्यावा असे मी सुचविले तर चाळीत माझी गणना फितुरांत होईल. संघाने आम्हांस परत बोलवावे, तर मेहुण्यांचे नाक आडवे येते. दोन्ही चाळींस आतून समेट हवा आहे. पण आधी कोणी बोलायचे, हा प्रश्न आहे.

सबब प्रार्थना, की आपण हा अर्ज तात्काळ नामंजूर करावा. कारण देऊ नये. कारण दिल्यास चाळ त्यावर चर्चा करील. भाषा शक्य तितकी उद्दाम असावी. मग सरकारने आमच्यावर अन्याय केला म्हणून चाळ क्रमांक दोन व तीन मिळून एकाच गच्चीवर निषेधाची सभा भरवतील, आणि सभेसाठी कुलूप काढावेच लागेल. निषेधाचा मसुदा मीच लिहीन. त्यात आपल्याविषयी जे काही येईल ते कृपया मनावर घेऊ नये. त्या रात्री मी घरी जेवत असेन.

आपल्या स्पष्ट नकाराकडे डोळे लावून बसलेला,
अ. मो. तळपदे
चिटणीस, चाळ क्रमांक दोन
गिरगाव, दि. १६ एप्रिल १९५८

सोबत : ठरावाची नक्कल. सौ. सुमतीचे म्हणणे जोडलेले नाही. ते आपणांस झेपणार नाही.