भाऊजींसाठी पाहिलेली जागा

सौंसर, ६ जानेवारी २०२५

चि. केशव यास,
वच्छलाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

यांचं विसरणं फार वाढलं आहे. परवा दुपारी मी भाजी निवडत होते, तेवढ्यात घरातून निघून गेले. मोहगावच्या रस्त्यावर सापडले. परत आणताना मला ओळखलं नाही, हात झिडकारला, मी पडले आणि मनगट मोडलं. डावा हात आहे म्हणून पत्र तरी लिहिता येतंय. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तू ओरडायला लागलास की शेजार गोळा होतो.

विनोद म्हणतो, बाबांना तुमच्या पांढुर्ण्यातल्या, तिगावच्या वाटेवरच्या वृद्धनिवासात ठेवू. पोटचा मुलगा असला तरी त्याचा शब्द मी धरणार नाही. त्याने नुसते फोनमधले फोटो पाहिलेत. तू जा, आणि न सांगता जा. हे संत्र्याचा बगीचा घ्यायला जात तेव्हा काठाची झाडं बघतही नसत, थेट मधल्या झाडांखाली जाऊन उभे राहत. तसाच आत शिर. जेवायच्या वेळेला जा, संडास बघ, बिछान्याला खिळलेली माणसं बघ. तुझ्या मास्तरकीच्या लाल शाईला अजून काम आहे. एक जरी वाईट गोष्ट निघाली, तर हे घरातून हलणार नाहीत, असं मी विनोदकडून कबूल करून घेतलंय.

माया आहेच, पण उत्तर लवकर धाड.
तुझी वच्छलाताई

पांढुर्णा, १४ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप वच्छलाताईस,
केशवचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या हुकमाप्रमाणे दोनदा जाऊन आलो. तिथल्या मॅनेजर धनश्रीबाई मला वर्गणी मागायला आलेला समजल्या. माझा चेहराच तसा आहे, असं तू म्हणशील. मी सरळ पंगतीत जाऊन बसलो. वरण दाट होतं, पोळी मऊ, दात नसलेल्यांना दुधात कुस्करून दिलेली. संडासात धरायला दांडी आहे आणि फरशी कोरडी होती. शेवटच्या खोलीत सुशीलाबाई म्हणून एक आजी पडून असतात. त्यांची नखं कापलेली, अंगाखालची चादर धुतलेली. त्यांच्या उशाची घंटा मीच वाजवून पाहिली, तर एक बाई धावत आली आणि मलाच रागावली. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

ताई, तुला काय हवं होतं ते मला ठाऊक आहे. दुसऱ्यांदा गेलो तो दोष काढायलाच. चहा फार गोड असतो, एवढंच मिळालं. भाऊजींना तर तसाच आवडतो. खोटं लिहायला हात धजला नाही.

राग आला तरी मला आपला म्हणत जा.
केशव

सौंसर, २० जानेवारी २०२५

चि. केशवला आशीर्वाद.

चिडलेच मी. तुला वाईट शोधायला पाठवलं आणि तू लोकांची नखं बघत बसलास! मी रोज देवाजवळ मागत होते, की तिथलं वरण पाणचट निघू दे, संडासाला वास येऊ दे. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणू? पण काल हे न्हाणीघरात पडले आणि एका हाताने मला उचलता येईनात. पाठवायचं ठरवलं मी.

विनोद म्हणत होता, बगीचा पाहायला जायचं सांगून नेऊ. यांना मी तसं फसवू दिलं नाही. समोर बसून खरं ते सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं यांनी. मग विचारलं, की वच्छला बी येऊन राहिली ना संग?

रविवारी यांना आणतोय, तिथल्या दाराशी थांब. मला धरायला कोणीतरी लागेल.
तुझी ताई

सौंसर, ९ मार्च २०२५

चि. केशव यास,
अनेक आशीर्वाद.

काल यांना भेटून परतताना मी गाडीत बोलले नाही, तुला वाटलं उन्हाने थकले. तू आणि विनोद ऑफिसात बसला होतात तेव्हाचं सांगते. तोंडाने सांगता आलं नसतं.

हे व्हरांड्यात बसले होते. दाढी केलेली, अंग जरा भरलेलं. मला पाहून उठले, खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं. वाटलं, ओळखलं. मग यांनी विचारलं, की बाई, तुम्ही कोनासाठी जागा पाहून राहिल्या? माझ्या तोंडून निघून गेलं, की माझ्या मालकांसाठी. तर स्वतःच सगळं दाखवायला निघाले. खोली दाखवली, जेवायची जागा दाखवली. मला धीर दिला, की तुमच्या मालकाले बिनघोर आना, इथं मानसाले चांगलं सांभाळतात. पहिले काही दिवस तुमाले रडू येईन, मंग जमते.

मी विचारलं, की तुमच्या घरचं कोणी येतं का. चेहरा असा खुलला केशव, की लग्नाच्या दिवसांतही मी तो तसा पाहिला नव्हता. म्हणाले, आज माही बायको येऊन राहिली. म्हनून तुमाले फाटकापर्यंत सोडायले येत नाही, तेवढ्यात ती आली तं चुकामूक होईन. आणि फाटकाकडे तोंड करून परत खुर्चीवर बसले.

मी त्यांच्या समोरूनच चालत बाहेर आले.

तुझ्यावाचून कोणाला लिहू हे? माझ्यावर जीव असू दे.
तुझी वच्छलाताई