राखलेला हिरवा

आई, काल एका मुलीनं तुझं काम ओळखलं. हे सांगायला मला दुसरं कोणी नाही, म्हणून कागद घेतला.

मी इथे बंगळुरात, शिवाजीनगरात, एका डीटीपीच्या दुकानात काम करते. तू होतीस तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटर बँकेतसुद्धा नव्हता. इतकी वर्षं मी पत्रिका, बिलबुकं, सगळं एकरंगी केलं. आता मालकांनी रंगीत कामं घ्यायला सुरुवात केलीय. ते कन्नड, माझ्याहून लहान, मला अक्का म्हणतात. "अक्का, पहिलं काम तुम्ही करा. सरी आलं, नीट जमलं, तर रंगीत टेबल तुमचं. नाही तर शिकलेला माणूस आणतो, मग रागावू नका." रागवायचं काय. मी फुटपाथवरची जुनी पुस्तकं आणून, मांडीवर शब्दकोश ठेवून शिकलेली. पण ते टेबल मला हवं होतं. दुसऱ्यांचा मजकूर टाइप करून जीव विटला होता.

काम आणलं पुण्याहून आलेल्या एका मुलीनं. नवरा कॉम्प्युटर कंपनीत, हिला कपड्यांचं दुकान काढायचंय. एक छापील कार्ड आणि इंटरनेटवर एक पान. माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाली, "काकू, हा पोपटी. एक्झॅक्टली हाच, दोन्हीकडे सेम." मी होकार दिला. कार्डाचा नमुना छापून आला तेव्हा तिनं तो स्क्रीनशेजारी धरून बघितला. "हे शेवाळ आहे, काकू. माझा रंग कुठे गेला?" मालक चष्म्यावरून बघत होते.

चूक कुठे झाली ते मला ठाऊक होतं. लहानपणीचं अजून डोळ्यांपुढे आहे: परसात चूल पेटलेली आहे, तू लोकांच्या विटलेल्या साड्या रंगवते आहेस आणि मी एक ठिपक्यांची ओढणी पातेल्यात सोडून म्हणतेय, बघ कसला रंग आलाय. तू काठीनं ती उचलतेस. "पातेल्यात बघून नाचू नकोस. वाळल्यावर बोल." मग बुडालेले पांढरे ठिपके बघून, "राखायचं ते आधी दोऱ्यानं बांधायचं, मग बुडवायचं. आता देवसुद्धा काढून देणार नाही." मी काम सुरू केलं होतं आरजीबीत. तो उजेडाचा हिशोब, स्क्रीनपुरता. लाल, हिरवा, निळा उजेड एकत्र आला की पांढरं होतं. कागदावर चालते सीएमवायके, चार शाया, आणि शाईवर शाई चढली की काळोख वाढतो. कार्ड छापायचं होतं, तर ते आधीच ठरवायला हवं होतं.

हे तिला बोलून पटेना. मग रंगावर रंग चढला की काय होतं ते दाखवायला काल मी ती साडी घेऊन गेले. माझ्या लग्नातली हिरवी इरकली. हे गेल्यावर बायका म्हणाल्या, आता हिरवं नको. तू ती निळ्या रंगात बुडवलीस. म्हणालीस, "पांढरं नेसायचं नाही. हे नेस." काळपट निळी झाली. मी नेसत राहिले.

ती मुलगी साडी उलगडत गेली, आणि आत खोचायच्या टोकाला थांबली. तिथे तळहाताएवढा हिरवा राहिलाय. "काकू, हा. हाच द्या मला. आणि हे बांधून ठेवलं होतं ना कोणीतरी? दोऱ्याचं कडं बघा की."

मी दारातल्या उजेडात साडी धरली. कडं होतं. एकावर एक घेतलेले घट्ट वेढे, तुझे.

मग नवीन फाइल उघडली, पहिल्यापासून सीएमवायकेत. पिवळी आणि निळसर शाई, काळी अजिबात नाही. टोक शेजारी ठेवून जुळवत गेले. वेबसाठी वेगळी प्रत, आरजीबीत, थोडी दबलेली. आज नमुना आल्यावर ती म्हणाली, "सेम नाहीये काकू, पण बहिणी वाटतायत. चालेल." मालक म्हणाले, "अक्का, टेबलावरची धूळ तेवढी पुसून घ्या." कार्डाचा एक नमुना मी ओट्याच्या वरच्या भिंतीला लावलाय.

पाकीट आणलेलं नाही. हा कागद त्या टोकाच्या घडीत राहील. आणि खरं सांगते आई, इतकी वर्षं ते टोक खोचताना मला वाटायचं, वय झालं, तुझा हात चुकला.