मिरचीवरचे ठिपके

६ सप्टेंबर

मिरचीच्या पानावर ठिपके! काळे, तिळावानी, भोवती पिवळी कड. म्हणलं, नजर लागली. प्रविण म्हणे, "माय, झाडाले कायची नजर लागते!" म्हणलं, पाहण्यासारखं काही असलं की लागते रे बाबा. तुले कशी माहीत असन?

लिहून राहिली माझी सून, रीता. मले अक्षर येत नाही. नात गुड्डी कॉलेजासाठी भंडाऱ्याले गेली, तवापासून हिलेच पकडलं. हिची निंदा आली की पेन अडते.

८ सप्टेंबर

पाऊस. रीताच्या टमाटरवर पण तेच ठिपके. हौसेनं बाजारातून रोपं आणून लावली होती. म्हणलं, रोग या रोपांनीच आणला. माझी मिरची सासूच्या हातची, बी दरसाल घरचंच.

"हे पण लिहू, आई?"

लिही!

११ सप्टेंबर

रोज फटफटलं की वाडीत जाते. सासूनं शिकवलं होतं — पानं दहिवरानं ओली असताना झाडावरून हात फिरवावा, झाड माणूस ओळखते. एकही झाड सोडत नाही. आता ठिपक्याचं पान दिसलं की खुडते, मग पुढचं झाड. आज ओटी भरून पानं निघाली. तरी झाडं बोडकी होऊनच राहिली! मिरच्यांवर खरूज आल्यावानी फोड.

विकायचं सोडा. बियाले मिरची कुठून आणू? बी गेलं की सासूची मिरची गेली. तिची दुसरी वस्तू माझ्यापाशी नाही. जीभ तिचीच मिळाली, असं रीता म्हणते. पण जीभ पेरता येत नाही ना!

१४ सप्टेंबर

प्रविणनं दुकानदारानं दिलं ते फवारलं. झाडं ओली झाली, बाकी काही नाही.

१७ सप्टेंबर

कृषी सहाय्यक आली. शकुन नाव, गुड्डीएवढी पोरगी. पान उजेडात धरून पाहिलं. म्हणे, ही बुरशी नाही, जिवाणू आहे. बियातून येते, रोपातून येते. मग पावसाच्या थेंबानं, ओल्या हातानं या झाडावरून त्या झाडावर जाते.

"आजी, पानं ओली असताना झाडांत कोण जाते?"

प्रविण खाली पाहे. मी पदर नीट करत बसली. रीता म्हणे, "आम्ही सगळेच जातो, मॅडम."

खोटारडी! ऊन तापल्याशिवाय ही वाडीत पाय टाकत नाही. काहून बोलली मग? विचारलं नाही.

शकुन जाताना म्हणे, ठिपक्याच्या झाडाचं बी धरू नका.

१८ सप्टेंबर

आज वाडीत गेली नाही. दारातूनच दहिवर पाहिलं.

१९ सप्टेंबर

आजही नाही. चहा गोड लागला नाही. रीताले म्हणलं, साखर विसरली. नव्हती विसरली.

२१ सप्टेंबर

रीतानं ओंजळभर लाल मिरच्या आणल्या. चकचकीत, एक फोड नाही! म्हणलं, कुठून? मिरच्या माझ्यापुढं ठेवल्या. मग हळूच म्हणे, "बांधापल्याडच्या ओळींतल्या, आई. आपल्याच घरच्या बियाच्या. तिथली सगळी झाडं चांगली आहेत."

तो बांध माझ्या गुडघ्यानं चढवत नाही. यंदा तिकडे मी एकदाही गेली नाही.

म्हणलं, याचंच बी धर. अन् वाळवताना मले हात लावू देऊ नको.