पोवळीच्या डोळ्याबद्दल विहीणबाईंना

भोईवाडा, परळ, मुंबई
वैशाख वद्य पंचमी, सन १९५६

सौ. विहीणबाई कमळाबाई यांस परळहून चंपाबाईचा नमस्कार. गुडघा वाकत नाही म्हणून उभ्यानंच करते आहे, पण वाकून केला असं समजून घ्यावं. इकडे सगळं खुशाल. तुमच्या पाठीची कळ कशी आहे? आमच्या राधेनं मागे कळवलं होतं की तुम्हाला पाण्याची कळशी उचलवत नाही, आणि त्याच कार्डावर खाली तुम्ही तुमच्या हातानं लिहिलं होतंत की आता पुष्कळ बरं आहे (पाठीबद्दल, कळशी सध्या कोण उचलतं ते लिहिलं नव्हतंत). व्याह्यांचा खोकला कसा आहे? चि. चिंतामणी आता भिंत धरून उभा राहत असेल. आम्ही त्याला पाहिला तेव्हा तो मान धरत होता. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, त्यातही एक मास्तर अर्ध्यात मेले, तेव्हा अक्षर पोटात घाला.

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही लिहिता की आजोळची कालवड सुखरूप पोचली की मग राधेच्या माहेरपणाचं बघू. बरोबर आहे तुमचं. बारशाला तुम्ही बोटीनं आला होतात तेव्हा चार बायकांच्या देखत मीच बोलले होते, की नातवाला गीर गाईची कालवड देईन, कोकणातल्या गाईसारखी वाटीभर दूध देऊन दमणारी नव्हे. बोलले ते बोलले. शिवाय तुम्ही खाली रेघ ओढून लिहिलंत की जनावर अव्यंग पाहिजे, नाहीतर गावात लोक विचारतात की माहेरून काय आणलं. मला गावातल्या लोकांची काळजी नाही. ते एकदा विचारतील. घरातली माणसं रोज विचारतात.

तर या कालवडीबद्दलच हे पत्र आहे. तिचं नाव पोवळी. वाडीत आमच्या दोन गाई, एक पोवळी आणि एक गोऱ्हा, एवढाच पसारा. मालक गेल्यापासून मीच बघते. अक्षय्यतृतीयेनंतर, पावसानं गलबतं बंद व्हायच्या आत, वसंत तांडेलाच्या गलबतातून तिला पाठवायचं ठरलं होतं. आणि नेमका त्याच सुमाराला तिचा डावा डोळा वाहायला लागला.

आता बघा काय झालं ते. त्याच दिवशी सकाळी आमच्या नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा अडवला आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. धूर वाडीत आला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, शेजारणीच्या आलं, कांदेवाल्याच्यासुद्धा आलं (आणि त्याला कांद्यानं कधी येत नाही). संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे डोळे सुकले, पोवळीचा तेवढा वाहतच राहिला. हे बाबुरावांनी पाहिलं. बाबुराव म्हणजे आमच्या चाळीतले गिरणीत कारकून, आणि समितीचे वाडीपुरते चिटणीस. माणूस वाईट नाही, पण काही झालं की त्यांना त्याचा ठराव करावासा वाटतो. ते गोठ्याच्या दारात उभे राहिले, टोपी काढली, आणि म्हणाले की आजी, हे मुकं जनावर सरकारच्या धुराला बळी पडलं. मी म्हटलं, अजून पडलेलं नाही, उभं आहे. पण ते तोवर चाळीत पोचले होते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे माणसांची रीघ. तुमच्या गावच्या जत्रेला एवढी येत नसतील. बायका ताटात निरांजन घेऊन आल्या, पोवळीला ओवाळली, कपाळाला कुंकू लावलं. तिनं मान झटकली, अर्धं कुंकू डोळ्यात गेलं. मग तिला गूळ भरवला, कारण सत्याग्रही सुटून आले की त्यांचं तोंड गोड करतात आणि हिचं का नको. कालवडीला गूळ खाता येतो, तोंड पुसता येत नाही. नाकापासून डोळ्यापर्यंत गुळाचा चिकटा, आणि त्यावर परळच्या सगळ्या माश्या. मग मोर्चातली पोरं आली. अश्रुधुराला कांदा आणि ओला रुमाल असं त्यांना कोणीतरी शिकवलेलं. त्यांनी कांदा फोडून तिच्या डोळ्याशी धरला. ज्यानं त्यानं आपला रुमाल भिजवून तिचा डोळा पुसला, आणि तोच रुमाल घेऊन, शेजारी बांधलाय तर त्यालाही धूर लागला असेल म्हणून, गोऱ्ह्याचे डोळे पुसले. गोऱ्ह्याच्या डोळ्यांना तोवर काहीही झालं नव्हतं. दोन दिवसांत झालं.

मी काय करत होते असं तुम्ही विचाराल. मी माझ्या आईचं औषध केलं. तंबाखू आणि मीठ चावून डोळ्यात चूळ मारायची. आमच्या माहेरी सगळ्या गुरांना हेच करत (त्यातली बरीच एका डोळ्याची होती, पण ती कोकणातल्या काट्याकुट्यांमुळे). पोवळीनं मला लाथ मारली. गुडघ्याचं मघाशी लिहिलं तो हाच गुडघा. चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरं फूल दिसायला लागलं, तांदळाच्या कणीएवढं, आणि उजवा डोळाही झाकायला लागली.

तेव्हा मात्र मी जेवले नाही. एवढ्याचसाठी की मला तुमचं अक्षर डोळ्यापुढे दिसत होतं. कालवड आंधळी, म्हणजे राधेचं माहेरपण पुढच्या वर्षावर, आणि ते वर्ष कधीच यायचं नाही हे मला ठाऊक आहे, कारण मीही सून होते आणि माझी सासू तुमच्याइतकीच समजूतदार होती.

त्यातच रविवारी बाबुरावांनी प्रभातफेरी काढली. पुढे पोवळी, गळ्यात झेंडूची माळ, दोर बाबुरावांच्या हातात, मागे लेझीम, मागे चाळ. मी नको म्हटलं. ते म्हणाले आजी, महाराष्ट्रासाठी. महाराष्ट्रासाठी म्हटल्यावर हल्ली नाही म्हणता येत नाही. गोठ्यातून निघेपर्यंत ठीक होतं. गल्लीच्या तोंडाशी ऊन आलं आणि पोवळीनं डोळे घट्ट मिटले, मान खाली घातली आणि फिरली. दुखऱ्या डोळ्याला ऊन सोसत नाही एवढं तिला कळत होतं, समितीला कळलं नव्हतं. बाबुरावांनी दोर हाताला गुंडाळला होता, त्यामुळे तेही फिरले. लेझीमवाल्यांची पद्धत अशी की पुढचा जाईल तिकडे जायचं. ते फिरले, मागचे त्यांच्यामागे फिरले, आणि अख्खी फेरी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे असं ओरडत माझ्या गोठ्यात शिरली. शेणात माणसं उभी. कोणाच्या लक्षात येईना की आता थांबायचं की आतल्या गव्हाणीपर्यंत जायचं. सर्वांत पुढे बाबुराव होते, ते गव्हाणीपर्यंत गेले.

त्या गर्दीत आमचे जावई, म्हणजे तुमचे चिरंजीव रामदासराव होते. इथल्या गिरणीत रात्रपाळी करून खानावळीकडे चालले होते, लेझमीच्या मागे सापडले. त्यांनी पोवळीचे डोळे पाहिले, तसेच गेले आणि गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर तरुण, शरच्चंद्र नाव, गळ्यात टाय. त्यांनी पोवळीची पापणी उलटली, गोऱ्ह्याची उलटली, आणि विचारलं की धूर कधी सुटला. बाबुरावांनी मोठ्या अभिमानानं तारीख सांगितली.

"धुरानं आलेलं पाणी त्याच दिवशी थांबतं," डॉक्टर म्हणाले. "ही डोळ्यांची साथ आहे. माश्यांनी येते, रुमालांनी पसरते. वासरांना जास्त धरते."

बाबुरावांचा चेहरा असा झाला की त्यांच्या घरात कोणी गेलंय. "म्हणजे सरकारचा यात काहीच हात नाही?"

"माश्यांवर असेल तर मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

बाबुरावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा माणूस सरकारी पगार खातो, याच्यावर विश्वास ठेवू नका. मी म्हटलं, बाबुराव, महाराष्ट्र तुम्ही घ्या, डोळा मला द्या. त्यानंतर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरं वाटलं. डॉक्टरांनी तंबाखूलाही नावं ठेवली. मी ऐकून घेतलं, कारण त्यांना अजून मिशी नीट आलेली नाही.

उपाय असा सांगितला: दोघांना अंधारात वेगवेगळं बांधा, गोठा फिनेलनं धुवा, शेण साठू देऊ नका. उकळून गार केलेल्या पाण्यात बोरीक घालून डोळा धुवा, प्रत्येकाला वेगळा कापूस, आणि वापरलेला जाळून टाका. मग नळीतलं मलम पापणीच्या आत, आणि वर कापडाची पट्टी. मलम घालायला दोन माणसं लागतात, एकानं डोकं धरायचं. मी डोकं धरायला चाळीतल्या ज्या ज्या बाप्यांना विचारलं ते सगळे महाराष्ट्रासाठी प्राण द्यायला तयार होते, पण लाथ खायला कोणी तयार नव्हतं. शेवटी रामदासराव यायला लागले, रोज, पाळीच्या आधी.

तुम्हाला सांगते कमळाबाई, तुमचा मुलगा जनावराचं डोकं फार चांगलं धरतो. काखेत मान घेतो, कपाळाला कपाळ टेकवतो, आणि काहीतरी पुटपुटत राहतो. पोवळी त्याच्यापाशी हलत नाही. मला वाटलं मंत्र म्हणतात. एकदा पाणी आणायला वळले तर ऐकू आलं.

"तू चाललीस तिकडे," तिला सांगत होते. "ती इकडे कधी येणार?"

मी काही ऐकलं नाही असं दाखवलं आणि त्यांना म्हटलं, पापणी नीट उलटा. जनावराशी असं बोलणाऱ्या माणसाला फार दिवस खानावळीत ठेवू नये असं माझं मत झालं. वाळले आहेत. एका खोलीत अकरा बापे, पाळीपाळीनं झोपतात, आणि खानावळवाली डाळीत काय घालते हे डॉक्टरांनासुद्धा सांगता येणार नाही.

असो. पाणी थांबलं, पट्टी निघाली. गोऱ्हा आधी बरा झाला, त्याला कोणी ओवाळलं नव्हतं. पोवळीचा उजवा डोळा स्वच्छ आहे. डाव्यातलं फूल विरत विरत गेलं. मी तिच्या डाव्या बाजूनं गवताची काडी धरून पाहिली, तिनं काडी ओढली. बाबुरावांच्या दिशेनं शिंग हललं तेही डाव्याच बाजूचं, तेव्हा नजर उत्तम आहे. बाबुराव आता म्हणतात की तिला बरी करण्यात समितीचा वाटा आहे. असेल.

व्याह्यांना नमस्कार. चिंतामणीला पापा. राधेला सांगा की तिची आई बरी आहे.

तुमची विहीण,
चंपाबाई

ता. क. – राहिलेलं मलम आणि बोरीकची पुडी पोवळीच्या गळ्यात फडक्यात बांधली आहे. पुन्हा पाणी आलं तर वापरा. कोणी ओवाळायला आलं तर ताट दाराबाहेर ठेवायला सांगा. गूळ माणसांनी खावा.

ता. क. दुसरा – उन्हात उभी केलीत आणि अगदी जवळून पाहिलंत तर डाव्या डोळ्यात राईएवढा डाग दिसेल. डॉक्टर म्हणतात तो राहील, त्यानं काही बिघडत नाही. गावातल्या लोकांना एवढ्या जवळ येऊ देऊ नका. तुम्हाला मात्र दिसणार हे मला माहीत आहे म्हणून मीच लिहून टाकते. त्यावरून राधेला काही बोलायचं असेल तर ते मला लिहा. मी वाचेन, आणि उत्तरही देईन.

ता. क. तिसरा – हे लिहायला खरं म्हणजे रामदासराव बसले होते. कागद फाडत राहिले, मग मी काढून घेतला. त्यांनी काळाचौकीला खोली घेतली आहे. लहान आहे, पण नळ मजल्यावरच आहे आणि त्यात फक्त तिघंच राहणार आहेत. तुम्हाला कळवायला ते भितात. मी भीत नाही, मी विहीण आहे. तेव्हा माहेरपणाचं राहू द्या. राधा माझ्याकडे येत नाही, नवऱ्याकडे जाते आहे. कालवड तुमच्याकडे, कायमची. कळशीसाठी एखादी गडीण लावा.

हे पत्र टपालात न टाकता वसंत तांडेलाच्याच हाती दिलं आहे. तुम्ही हे दाभोळच्या धक्क्यावर वाचत असाल आणि पोवळी अजून गलबतात असेल. तिला हाका मारू नका, येणार नाही. वसंताला सांगून ठेवलंय, राधा पोराला घेऊन गलबतावर चढली की मगच कालवड खाली उतरव.