वेणूची भाकरी

समीक्षा,

१९६९ साली माझी धाकटी बहीण वेणू आठ वर्षांची होती. जासईच्या मिठागरावर राखणीला असलेल्या बुधाजीकाकाला दुपारची भाकरी तीच नेऊन द्यायची. एक दिवस ती अडून बसली. "आये, मी नाय जानार. काका चांगला नाय." आईने "जललं तुजं तोंड!" म्हणत एक चापट दिली आणि भाकरीचं फडकं तिच्या हातात कोंबलं. मी ऐकत होते. भांडी घासत राहिले.

काल तुझी पूर्वी म्हणाली, क्लासला जायचं नाही. तू म्हणालीस, "नाटकं नकोत. सर किती लाड करतात तुझे!" तेव्हाही मी स्वयंपाकघरातच होते.

आज तिला क्लासला पाठवलेलं नाही. शाळेत बाईंनी आयांना बोलावलंय, मुलांना जपायचं कसं ते सांगायला. तुझी तळोज्याची शिफ्ट, म्हणून मी जाते. पूर्वी सोबत आहे. तिने मला थोडं सांगितलंय. आम्ही आल्यावर ओरडू नकोस, "का नाही बोललीस" असंही विचारू नकोस. जवळ बस आणि ऐक. त्या सरांना काय करायचं ते बाईंना विचारून येते.

आई वेणूला हट्टी म्हणतच गेली. बुधाजीकाकाच्या फोटोला भावाकडे अजून हार घालतात. वेणू लग्नानंतर जासईला आली नाही, आईच्या दहाव्यालाही नाही. भाकरी ती आजही खात नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. आज तुला पहिल्यांदा सांगतेय.

भात कुकरमध्ये आहे.

— आई