सुपारीएवढी गाठ

एन्डोला, ४ मे १९९७

तीर्थस्वरूप कासुबाताईस,
धाकट्या लोम्बेचा शि. सा. न. वि. वि.

अभिनंदन कर. तुझ्या भावाला कॅन्सर झाला आहे आणि तो चांगल्यापैकी आहे. हे मी नाही, डॉक्टर म्हणाले. गळ्यातल्या ज्या सुपारीएवढ्या गाठीला मी वर्षभर अडकलेला मक्याच्या न्शिमाचा घास समजत होतो, ती कॅन्सरची निघाली. डॉक्टरांनी मासेवाल्याच्या थाटात सांगितलं, की सगळ्या कॅन्सरांतून एक निवडायचाच झाला तर शहाण्यानं हाच निवडावा. मला वाटलं, आता पिशवी आणलीय का म्हणून विचारतात.

तेव्हापासून जो भेटतो तो माझ्या नशिबाचं कौतुक करतो. पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रार्थनेत माझा नंबर एका म्हातारीच्या गुडघ्यामागे लावला. म्वांगो भाजी निवडता निवडता म्हणाली, की अहो, शेजारच्या घरातून या वर्षी दुसरं मढं उठलं, तुमचं ते काय, एवढंसं! बायको खोटं बोलत नाही गं. हल्ली आपल्याकडे शनिवार उजाडतो तोच कुणाला तरी पुरायला. त्या रांगेत मी आपली सुपारी घेऊन कुठे उभा राहू?

एकच बारीक गोष्ट राहिली. डॉक्टर जाता जाता म्हणाले, की आवाजाची नस गाठीला खेटूनच जाते. कापताना दुखावली तर आवाज जाऊ शकतो. न कापली तर गाठ आज ना उद्या पसरणारच. तुला ठाऊक आहे, आवाजाखेरीज माझ्यापाशी कधी भांडवल नव्हतं. स्टँडवर 'कापिरी, काब्वे, लुसाका' ओरडत दुसऱ्यांच्या बसगाड्या भरल्या, तेव्हा कुठे स्वतःची पहिली बस आली. आज मालक झालो तरी सकाळची पहिली हाक माझीच असते. तेव्हा मी असं ठरवलंय, की एवढे लोक म्हणतात तर गाठ छोटीच असणार, आणि छोट्या गोष्टीसाठी कुणी गळा कापून घेत नाही. लुसाकाच्या दवाखान्यानं २ जूनची तारीख दिली आहे. मी काही जात नाही.

आम्हा बेंबांना माकडखाऊ म्हणणाऱ्या न्गोनी दाजींना सांग, आमच्याकडे माकडं स्वस्त झाली आहेत. लोभ असावा, आणि जमल्यास थोडे शेंगदाणेही असावेत.

तुझा,
लोम्बे

—

चिपाटा, ११ मे १९९७

चि. लोम्बेस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरनं आणून दिलं. कॅन्सर हा शब्द मी दोनदा वाचला. मग 'चांगल्यापैकी' वाचलं आणि जीव भांड्यात पडला. देवाची कृपा रे बाबा! दात काढतात तसं काढून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं. आवाजाचं काय घेऊन बसलास? तो गेला तर म्वांगो चर्चमध्ये मेणबत्ती लावील. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. छोटंसंच आहे.

यांनी मात्र तुझं पत्र न विचारता वाचलं आणि पेटीतून मयतीचा काळा कोट काढून उन्हात टाकला. लाज नाही का वाटत म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, आपल्या बायकोचा भाऊ मरतोय आणि बेंबाच्या मयतीत थट्टा करायचा मान आपल्या न्गोनी जमातीचा आहे, तेव्हा जाणं भागच आहे. सोबत त्यांची चिठ्ठी आहे. वाचू नकोस.

शेंगदाणे पाठवलेत. आहे तेवढी माया पुरवून पुरवून वापर, मी काही कमी पडू देणार नाही.

तुझी,
ताई

—

लवकरच ख्रिस्तवासी होणारे माकडखाऊ मेहुणे लोम्बे यांस,

आशीर्वाद नाहीत. मरणाऱ्यावर ते वाया जातात.

तुझी ताई छोटंसं म्हणते. मी न्गोनी माणूस, उंदीर खातो, पण मला बिबट्या कळतो. तो पिल्लू आहे म्हणून आम्ही त्याला अंगणात बांधत नाही. कॅन्सर तो कॅन्सर. बेंबा मेला की त्याच्या दारात लोळून रडण्याचा आणि त्याचं सामान उचलण्याचा हक्क आमचा, हे तुझ्या आजोबांपासून ठरलेलं आहे. तू स्टँडवर मिरवतोस ते दोनरंगी बूट पुसून ठेव. शनिवारी येतो.

तुझा वारस,
झेब्रॉन जेरे

—

एन्डोला, २० मे १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा नवरा आला. आला म्हणजे बसमधून उतरला नाही, कोसळला. भर स्टँडवर काळ्या कोटात लोळण घेऊन त्यानं असा टाहो फोडला, की बेंबांचा सगळ्यांत मोठा भोंगा चालला आणि आता न्गोनींना निवांत झोप लागणार! काही ठाऊक नसलेले उतारू डोळे पुसायला लागले. पावाच्या टोपलीवाल्या बाईनं तर टोपली झाकून हात जोडले. मेलेला मीच आहे आणि समोर उभा आहे हे कळल्यावर तिनं मला पाव फेकून मारला. तेवढ्यात दाजींनी माझे बूट काढून घेतले आणि घातलेसुद्धा. मी अनवाणी पोट धरून हसत होतो. गेल्या कित्येक दिवसांत असा हसलो नव्हतो.

मग त्यांनी हुकूम सोडला, की शेवटची हाक ऐकव. मी बसच्या शिडीवर चढलो आणि दिली. कापिरी, काब्वे, लुसाका! ते म्हणाले, पुन्हा. पुन्हा दिली. आणखी एकदा म्हणाले तेव्हा काब्वेपर्यंत पोचलो आणि आवाज फुटला.

दाजी शिडीखाली येऊन उभे राहिले. हसत नव्हते.

"घाबरलायस?"

"हो. फार."

"मग नीट घाबर. मी बसलोय इथं."

आणि खरोखरच बसले गं, बसच्या पायरीवर, माझे बूट घालून. कुठं दुखतं, गिळताना काय होतं, रात्री काय काय मनात येतं, सगळं विचारलं. मधूनमधून माझ्या बसवर कुणाचं नाव रंगवायचं हेही विचारत होते. ताई, इतके दिवस जो तो मला जगवायला टपला होता. या एकानं घटकाभर मरू दिलं, आणि माझ्या छातीवरचं गाठोडं उतरलं. गाठ मोठी आहे असं कुणीतरी कबूल केल्यावर ती कापायला जाणं आलंच. मी २ तारखेला जातोय.

बूट परत देत नाहीत. म्हणतात, जगलास तर चिपाट्याला येऊन ने, आणि आधी ताटभर उंदीर खा.

माया करतेसच, आता थोडी काळजीही कर, माझी हरकत नाही.

लोम्बे

—

चिपाटा, २६ मे १९९७

चि. लोम्बेस,
अ. आ.

मी छोटंसं म्हणाले, कारण मोठं म्हटलं असतं तर पुढची ओळ लिहायला हात चालला नसता. आईच्या वेळीही मी असंच म्हणत राहिले, आणि ती माझं मन राखायला हसत राहिली. तुझ्या बाबतीत ते नको. मोठं आहे रे. मला फार भीती वाटते. लुसाकाला मी आधीच येऊन बसते. हेही येतील, पण बूट घालून येतील, तेव्हा त्यांच्याकडे बघू नकोस.

भीतीसकट तुझीच,
ताई

—

एन्डोला, २९ जून १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लुसाकाला तू पाहिलंसच, गाठ गेली, आणि जाताना माझा भोंगा घेऊन गेली. आता नुसती कुजबुज उरली आहे. थोडा आवाज परत येईल असं डॉक्टर म्हणतात; मासेवाल्याचा चेहरा मात्र करत नाहीत. पहिल्या दिवशी मी स्टँडवर तोंड उघडलं आणि वारा निघाला. बसच्या मागे जाऊन रडलो, ते तुला सांगतो, बाकी कुणाला नाही.

परत आलो तर शिडीवर म्वांगो चढली होती! पदर खोचावा तसा कमरेला गुंडाळलेला चितेंगे खोचून तिनं अशी हाक दिली, की लुसाकाला न जाणारे दोघे घाबरून बसमध्ये चढले. आता पहिली हाक तिचीच. इतकी वर्षं हा आवाज घरात माझ्या एकट्यावर वाया जात होता.

लोक अजून येतात आणि लांबूनच म्हणतात, छोटंसंच होतं ना? मी ओरडू शकत नाही, म्हणून हातानं जवळ बोलावतो. ते वाकतात, कान पार माझ्या ओठांपाशी आणतात. मग मी सांगतो, की मोठं होतं. इतक्या जवळून ऐकल्यावर अजून एकानंही उलट उत्तर दिलेलं नाही. पाद्रीबाबा तर बराच वेळ वाकूनच राहिले.

पुढच्या शनिवारी बूट न्यायला येतोय. दाजींना म्हणावं, उंदीर शिजवून ठेवा, आणि छोटे नकोत.

लोभ आहेच, तो यापुढे जरा कान जवळ आणून करावा.

तुझा,
लोम्बे